लुटुपुटूची लढाई आणि पिठाचा कोंबडा

ज्या प्रहाराने कोणाचे शरीर दुखावत नाही, ज्यात कोणाचा जीव जात नाही आणि जो संपताच दोन्ही योद्धे पूर्ववत उभे राहतात, अशा प्रहाराच्या इच्छेला हिंसा म्हणावे काय, हा प्रश्न भारतीय धर्मचिंतनाला नवा नाही. पिठाच्या पशूचा बळी, रंगमंचावरील युद्ध आणि वादसभेतील प्रतिपक्षाचा पराभव या तीन निमित्तांनी तो प्राचीन ग्रंथांत वेगवेगळ्या अंगांनी चर्चिला गेला आहे. व्हिडिओ गेममधील लढाईने त्याला आणखी एक पदर जोडला आहे. नाटकात युद्ध करणारा नट आणि ते पाहणारा प्रेक्षक या दोन भिन्न व्यक्ती असतात; लढाईच्या गेममध्ये मात्र पाहणारे डोळे आणि प्रहार करणारी बोटे एकाच माणसाची असतात, त्यामुळे 'हे घडताना पाहिले' आणि 'हे केले' यांतील अंतर पुसट होते. हिप हॉप या संगीत-नृत्यपरंपरेवर बेतलेले लढाईचे गेम या दृष्टीने विशेष विचारणीय ठरतात, कारण ज्या परंपरेने मुठीची जागा शब्दाला दिली तिच्याच नायकांच्या हाती त्यांनी पुन्हा मूठ दिली आहे.

या विवेचनासाठी ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड पूर्वेच्या पूनम सागरसारखी वसाहत डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे आहे. 2002 मध्ये महानगरपालिका झालेल्या आणि 2011 च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवलेल्या मीरा-भाईंदर शहरात अहिंसेला परम धर्म मानणारा जैन समाज मोठ्या संख्येने राहतो, कोकणातून आलेल्या कुटुंबांनी शक्ती-तुरा आणि डबलबारी भजनांच्या सामन्यांची आवड आपल्याबरोबर आणली आहे, आणि पश्चिम रेल्वेच्या याच पट्ट्यातून हिप हॉप नृत्याला जगापुढे नेणारे तरुणही निघाले आहेत. वसई-नालासोपारा परिसरातील नर्तकांच्या 'द किंग्ज' या संघाने 2019 मध्ये 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही अमेरिकी स्पर्धा जिंकली, तर भाईंदर-नायगाव भागातील 'व्ही. अनबीटेबल' हा संघ 2020 मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट: द चॅम्पियन्स' या स्पर्धेचा विजेता ठरला. अहिंसेचे शास्त्र, सामन्याची लोकपरंपरा आणि हिप हॉपचे वेड ही तिन्ही जिथे एका रेल्वे स्थानकाच्या आसपास नांदतात, तिथे लुटुपुटूच्या लढाईचा प्रश्न घराघरांतला होतो.

हिप हॉपचा जन्मदिवस सामान्यतः 11 ऑगस्ट 1973 हा मानला जातो. त्या दिवशी न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्स भागात डीजे कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने एका इमारतीतील समारंभात तबकड्या वाजवल्या होत्या. परंतु या घटनेला एक पूर्वपीठिका आहे. त्या काळात ब्रॉंक्समध्ये तरुणांच्या टोळ्यांचा सुळसुळाट होता, आणि समेटासाठी गेलेल्या एका टोळीसदस्याचा खून झाल्यावर, सूडाचे सत्र सुरू होण्याऐवजी, डिसेंबर 1971 मध्ये अनेक टोळ्यांनी एकत्र येऊन शांततेचा करार केला. त्यानंतरच्या वर्षांत वर्चस्वाची जुनी ईर्ष्या नाहीशी झाली नाही, तिचे साधन मात्र बदलत गेले. जमिनीवर अंग घुसळत केल्या जाणाऱ्या ब्रेकिंग या नृत्यात दोन नर्तक समोरासमोर उभे राहून एकमेकांना आव्हान देतात, पण प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला हात लावणे हा तिथे दोष समजला जातो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार खेळ म्हणून जगाने पाहिला. रॅपमध्ये, म्हणजे तालावर बांधलेल्या वेगवान पद्यभाषणात, दोन गायक यमक, कोटी आणि टोमणा यांनी एकमेकांना निरुत्तर करू पाहतात आणि अशा द्वंद्वाला 'बॅटल' असे सरळ युद्धाचेच नाव आहे. मुंबईत कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन यांच्यापासून जी गल्ली रॅपची लाट उसळली आणि 2019 च्या 'गली बॉय' या चित्रपटाने घरोघर पोहोचली, तिच्यातही गोल कडे करून आळीपाळीने रॅप करण्याची, म्हणजे सायफरची, आणि बॅटलची हीच रीत दिसते.

1984 मध्ये न्यू यॉर्कमध्ये स्थापन झालेल्या डेफ जॅम या ध्वनिमुद्रण संस्थेच्या नावावर निघालेल्या गेमनी या रीतीची दिशा उलटवली. 2003 मधील 'डेफ जॅम व्हेंडेटा' ही रिंगणातली कुस्ती होती. 2004 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने प्रकाशित केलेल्या 'डेफ जॅम: फाइट फॉर एनवाय'मध्ये लढाई रस्त्यावर, तळघरांत आणि क्लबांत आली, आणि स्नूप डॉग, मेथड मॅन, रेडमॅन, बस्टा राइम्स यांसारखे खरे रॅपर तिच्यात लढवय्ये म्हणून दिसू लागले. या गेममध्ये रस्त्यावरची मारामारी, किकबॉक्सिंग, मार्शल आर्ट्स, कुस्ती आणि सांधे आवळून शरण आणण्याची विद्या अशा पाच लढाऊ शैली आहेत व खेळणाऱ्याला आपल्या योद्ध्यात त्यांपैकी तिनांपर्यंत मिसळता येतात. साध्या ठोशांनी प्रतिस्पर्धी दुबळा होतो, पण तेवढ्याने तो हरत नाही. त्याला आपल्या शैलीला साजेशा निर्णायक डावानेच पाडावे लागते. प्रहारांनी आणि प्रतिस्पर्ध्याला चिडवणाऱ्या हावभावांनी आवेशाची एक पट्टी भरत जाते व ती पूर्ण भरली की 'ब्लेझिन' नावाचा अतिरेकी प्रहार करण्याची मुभा मिळते. भोवतालची गर्दी निष्क्रिय नसते. ती लढणाऱ्याला पकडून धरते, पुन्हा मध्ये ढकलते, प्रसंगी हत्यारही पुरवते. योद्ध्याने चढवलेले कपडे आणि दागिने त्याची छाप वाढवतात आणि त्यामुळे आवेशाची पट्टी लवकर भरते. 2007 च्या 'डेफ जॅम: आयकॉन'मध्ये तर गाण्याच्या ठेक्याबरोबर भोवतालच्या वस्तू फुटतात व कोसळतात, आणि खेळणारा तबकडी फिरवल्यासारखी हालचाल करून त्या क्षणाचा प्रहार म्हणून उपयोग करू शकतो.

या वर्णनावरून एक विसंगती उघड होते. ज्यांची कीर्ती जिभेवर उभी आहे, ते लोक या गेममध्ये बोलून जिंकत नाहीत. त्यांचे शब्द चिडवण्यापुरते उरतात आणि ते चिडवणेही पुढच्या ठोशाचे इंधन होते. टोळीयुद्धातून शब्दयुद्धाकडे झालेला प्रवास इथे उलट्या पावलांनी होतो. अर्थात तो पडद्यावर होतो आणि त्यात कोणाचे नाकही फुटत नाही. तेव्हा या उलट्या प्रवासात काही दोष आहे काय, आणि असल्यास तो नेमका कुठे आहे, हे ठरवावे लागते.

सर्वांत कठोर उत्तर जैन विचारात सापडते. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्राणांचा घात एवढेच सांगून न थांबता, तो प्रमत्त, म्हणजे असावध व विकारवश, वृत्तीतून घडलेला असावा ही अट घातली आहे. यातून द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद होतो: पहिली म्हणजे प्रत्यक्ष इजा आणि दुसरी म्हणजे मनात उठलेला राग, द्वेष किंवा घात करण्याची इच्छा. सावधपणे चालणाऱ्या साधूच्या पायाखाली एखादा जीव आला तरी तो हिंसक ठरत नाही. उलट महामत्स्याच्या आश्रयाने राहणारा तांदळाच्या दाण्याएवढा तंदुलमत्स्य, मोठ्या माशाच्या तोंडातून निसटणारे जीव पाहून 'याच्या जागी आपण असतो तर एकालाही सोडले नसते' असा नुसता विचार करतो आणि त्या विचारानेच नरकाला जातो. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, आचारधर्मात 'अनर्थदंड' या नावाखाली निष्कारण केलेल्या पापांची जी गणना आहे, तिच्यात 'अपध्यान' हा एक प्रकार येतो, आणि दुसऱ्याचा वध, बंधन किंवा अंगच्छेद कसा होईल याबरोबरच त्याचा जय-पराजय कसा होईल याचे चिंतनही जैन आचार्य पूज्यपादांनी त्यात धरले आहे. या निकषावर लढाईचा गेम निर्दोष ठरणे अवघड आहे, कारण त्यात वधाचे नसले तरी पराजयाचे चिंतन क्षणोक्षणी चालू असते.

याच विचाराची कथारूप परिसीमा म्हणजे यशोधर राजाची कथा. सोमदेवसूरींनी 959 मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' या चंपूकाव्यात, म्हणजे गद्यपद्यमिश्र काव्यात, ती विस्ताराने येते. देवीपुढे पशुबळी देण्याचा आईचा आग्रह आणि जीवहत्येची स्वतःची नावड यांच्या कात्रीत सापडलेला उज्जयिनीचा हा राजा मधला मार्ग म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो, आणि तेवढ्या कृत्यासाठी त्याला व त्याच्या आईला पुढे अनेक पशुयोनींत जन्म घेऊन स्वतःच मारले जाण्याचे दुःख भोगावे लागते. पिठात जीव नव्हता, पण संकल्प जिवंत कोंबड्याच्या वधाचा होता, हे त्या दोषाचे कारण. याच्या अगदी उलट, मध्वाचार्यांच्या परंपरेने यज्ञातील हिंसा टाळण्यासाठी पिष्टपशू, म्हणजे पिठाचा पशू, हाच उपाय मानला. आणि महाराष्ट्रातही बोकडाच्या जागी कोहळा कापण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, तिच्याकडे लोक हिंसा म्हणून न पाहता हिंसेपासूनची सुटका म्हणून पाहतात. एकाच पिठाच्या गोळ्याविषयीचे हे दोन निर्णय परस्परविरोधी दिसले तरी त्यांचा रोख वेगळा आहे. मध्वांचा अनुयायी पुढे जाणारा हात मागे घेताना त्या हाताला पीठ देतो; यशोधर मुळात मागे घेतलेला हात पिठाच्या निमित्ताने पुढे करतो. प्रतिमा तीच असली तरी ती वृत्तीला कोणत्या दिशेने नेते यावर निवाडा ठरतो.

नाट्यशास्त्राचे उत्तर याहून निराळे आहे. त्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात नाट्याच्या पहिल्याच प्रयोगाचा विषय देवांनी केलेला दैत्यांचा पराभव हा आहे आणि तो पाहून संतापलेले दैत्य विघ्नांना हाताशी धरून नटांची वाणी, हालचाल व स्मृती गोठवून टाकतात. लटक्या लढाईतून खरी लढाई उद्भवली ती अशी. इंद्र आपल्या ध्वजदंडाने विघ्नांना झोडपतो आणि तो दंड पुढे जर्जर या नावाने रंगभूमीचा रक्षक होतो. पण प्रश्न दंडाने मिटत नाही. ब्रह्मदेवाला दैत्यांना समजवावे लागते की नाट्य हे कोणा एका पक्षाच्या गौरवासाठी नसून तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे, म्हणजे घडलेल्याची पुनःप्रतीती देणारे कथन आहे. पुढे शस्त्रचालनाच्या 'न्याय' नावाच्या चार पद्धती सांगताना हाच ग्रंथ रंगमंचावर प्रत्यक्ष भेदणे, तोडणे, रक्त काढणे किंवा उघड घात करणे निषिद्ध ठरवतो आणि प्रहार अभिनयाने सूचित करावा असे सांगतो. या मर्यादेत राहिलेले युद्ध प्रेक्षकाच्या मनात क्रोध न जागवता रौद्र रस निर्माण करते. क्रोध हा कोणाविरुद्ध तरी असतो, रस मात्र काव्यशास्त्रकार भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या सिद्धांतानुसार 'माझा' आणि 'शत्रूचा' या संबंधांतून सुटलेला असतो.

गेमला हे समर्थन पूर्णपणे लागू पडत नाही. प्रेक्षकाला भीमाची गदा उचलावी लागत नाही. खेळणाऱ्याला बटण दाबावेच लागते, आणि वेळेवर न दाबल्यास पराभव त्याचा होतो. नटाचेही उदाहरण पुरत नाही, कारण नटाला शेवट आधीच ठाऊक असतो व दुःशासनाचे काम करणारा आज तरी जिंकू या आशेने रंगमंचावर येत नाही. गेमचा खेळाडू मात्र कर्ता आहे, त्याला फळाची इच्छा आहे आणि प्रतिस्पर्धी त्या फळाच्या आड उभा आहे. म्हणून रसाच्या सिद्धांताचा आधार घेऊन खेळाडूला दोषमुक्त करणे जसे घाईचे, तसेच पिठाच्या कोंबड्याच्या न्यायाने त्याला दोषी ठरवणेही घाईचे आहे. कारण पिठाचा कोंबडा उलटून वार करत नाही आणि गेममधला प्रतिस्पर्धी करतो. या भेदाचे मोल समजण्यासाठी वादशास्त्राकडे वळावे लागते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्यनिर्णयासाठी चाललेली चर्चा तो वाद; विजयासाठी चाललेली आणि शब्दच्छल व फसवी उत्तरे यांनाही वाव देणारी चर्चा तो जल्प; आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे ती वितंडा. रॅपचे बॅटल या वर्गीकरणात निःसंशय जल्प आहे, कारण तिथे प्रतिपक्षाच्या दारिद्र्याची, कपड्यांची किंवा उच्चाराची थट्टाही शस्त्र म्हणून चालते. विशेष म्हणजे न्यायसूत्रांनी जल्पाला सरसकट त्याज्य ठरवलेले नाही. कोवळ्या अंकुरांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे तसा सत्याच्या रक्षणासाठी जल्पाचा उपयोग होतो, असे तिथे म्हटले आहे. याहून महत्त्वाची आहे ती निग्रहस्थानाची कल्पना. निग्रहस्थान म्हणजे ज्या ठिकाणी प्रतिवादी पकडला जातो ते पराभवाचे स्थान. अशी बावीस स्थाने सांगितली असून उत्तर न सुचणे ही 'अप्रतिभा' आणि तेच ते बोलणे हे 'पुनरुक्त' त्यांत येतात. बॅटलमध्ये ऐन वेळी शब्द अडलेला किंवा जुन्याच ओळी पुन्हा वापरणारा रॅपर याच स्थानांवर हरतो. निग्रह म्हणजे धरणे. त्यात नाशाचा अर्थ नाही. प्रतिवाद्याचे म्हणणे अडते, प्रतिवादी उरतो, आणि पुढच्या सभेत तो नवे उत्तर घेऊन येऊ शकतो.

मराठी परंपरेत या कल्पनेचे सर्वांत समृद्ध रूप कलगी-तुऱ्यात दिसते. शाहिरांच्या या दोन पंथांपैकी कलगीवाले शक्तीला, म्हणजे मायेला किंवा प्रकृतीला, श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले शिवाला, म्हणजे ब्रह्माला किंवा पुरुषाला. आणि सांख्य-वेदान्तातील हा गहन प्रश्न डफ-तुणतुण्याच्या साथीने सवाल-जवाबांत लढवला जातो. राजस्थान-माळव्यात सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिकेत तुरा तुकनगीर गोसाव्याला आणि कलगी शाहअली फकिराला मिळाली, म्हणजे एकाच सामन्याच्या दोन बाजू दोन धर्मांच्या साधकांनी सांभाळल्या. कोकणात याच परंपरेला शक्ती-तुरा म्हणतात, जाखडी नृत्याच्या जोडीने तिचे सामने रंगतात, आणि मुंबई व तिच्या उपनगरांत स्थिरावलेले कोकणी लोक आजही ते गर्दी करून ऐकतात; भजनातल्या डबलबारीतही दोन बुवा असेच समोरासमोर ठाकतात. या सामन्यांत खोचक बोलणे असते, व्यक्तिगत टोमणे असतात आणि श्रोत्यांची चिथावणीही असते, म्हणजे अपध्यानाचे साहित्य भरपूर असते. तरीही सवाल टाकणारा शाहीर समोरच्याच्या जवाबाची वाट पाहतो, आणि तो ऐकल्यावाचून त्याला पुढचे कवन रचता येत नाही. प्रतिपक्षाच्या बुद्धीवर असलेला हा भरवसा ईर्ष्येच्या पोटात दडलेला आदर आहे.

शारीरिक लढतीतही हाच भेद ओळखता येतो. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात 1912 मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानासारख्या ठिकाणी कुस्तीचा निकाल चितपट होण्यावर लागतो. पाठ मातीला लागली की लढत संपते, आणि त्यानंतर टाकलेला कोणताही डाव कुस्ती न राहता मारहाण होतो. निग्रह जिथे पुरा होतो तिथे थांबणे हा या विद्येचा धर्म आहे. भगवद्गीतेने जय-पराजय समान मानून युद्धाला उभे राहण्याचा जो उपदेश केला आहे, त्याचाही एक अर्थ असा घेता येतो की फळाची आसक्ती सुटलेला हात थांबण्याची वेळ ओळखू शकतो. तुकोबांच्या गाथेत बाह्य जग आणि आतले मन यांच्याशी अखंड चाललेल्या युद्धाचे जे रूपक येते, त्यात तर ज्याला जिंकायचे त्या मनाचा नाश करून चालणारच नाही.

या कसोटीवर हिप हॉपच्या लढाऊ गेमचे गुणदोष वेगळे करता येतात. समोरच्याची शैली ओळखणे, त्याचा डाव हेरून तो उलटवणे आणि आपल्या तीन शैलींच्या मिश्रणातून अनपेक्षित उत्तर काढणे, या सर्व गोष्टींत सवाल-जवाबाची रचना टिकून आहे. शेजारी बसलेल्या मित्राशी असा गेम खेळणारा मुलगा मुठीच्या भाषेत का होईना, पण संवाद करत असतो. याउलट आवेशाची पट्टी भरल्यावर येणारा अतिरेकी प्रहार हा निग्रह झाल्यानंतरचा देखावा आहे. प्रतिस्पर्धी बहुधा आधीच दुबळा झालेला असतो, त्याच्याकडे उत्तर उरलेले नसते आणि गर्दीला तेच पाहायचे असते. दागिन्यांनी आवेश वाढण्याची योजनाही याच जातीची आहे: शाहिराची छाप त्याच्या कवनावर ठरते, इथे ती विकत घेता येते. यशोधराच्या पिठाच्या कोंबड्याची छाया गेमच्या या भागावर पडते, कारण तिथे समोर उत्तर देणारा कोणी नसतो, असतो तो केवळ संकल्प पुरा करण्यासाठी ठेवलेला आकार. जैन आचार्यांचा इशारा त्या क्षणी खरा ठरतो आणि नाट्यशास्त्राची मर्यादा त्याच क्षणी ओलांडली जाते.

म्हणून लुटुपुटूच्या लढाईचा दोष रक्ताच्या असण्या-नसण्यावरून मोजता येत नाही, आणि संपूर्ण खेळाला एकदम हिंसा किंवा निव्वळ क्रीडा असे नाव देऊनही भागत नाही. समोरचा जोवर प्रतिवादी असतो तोवर ती लढाई जल्पाचे काटेरी कुंपण असते. तो केवळ आकार उरला की ती बळीची वेदी होते, मग वेदीवर कोंबडा पिठाचा असो वा प्रकाशाचा. शिव श्रेष्ठ की शक्ती, या प्रश्नाचा निकाल कलगी-तुऱ्यात कायमचा लागलेला नाही, कारण शक्तीवाले कायमचे गप्प झाले तर तुरेवाल्याला गाण्यासारखे काही उरणार नाही. गेममध्ये पराभूत योद्ध्याला पुढच्या मॅचसाठी पुन्हा उभे करण्याची सोय यंत्रातच आहे. त्याच्या जवाबाची वाट पाहण्याची सोय मात्र खेळणाऱ्याला आपल्या मनात करावी लागते.